सहा हजार कोणाला? घरच्या उत्पन्नाच्या आकड्यांचे गणित



मातीचा नमुना कसा घ्यावा, हे या सदरातून आपण वाचलेले आहे. शेतात नागमोडी चालत आठ-दहा जागी इंग्रजी व्ही अक्षरासारखे खड्डे घ्यायचे. बांधालगतची, झाडाखालची किंवा उकिरड्याजवळची माती घ्यायची नाही. सगळी माती एकत्र मिसळायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे, आणि असे करत शेवटी अर्धा किलो माती पिशवीत भरायची. त्या अर्ध्या किलोवरून साऱ्या शेताला खत किती द्यायचे ते ठरते. नमुना चुकला तर प्रयोगशाळेचा अहवाल चुकतो आणि खताचा पैसा वाया जातो.

आज मी अशाच एका नमुन्याविषयी लिहिणार आहे. हा नमुना मातीचा नाही, घरांचा आहे. सरकार काही घरे निवडते, त्यांना मिळकत विचारते, आणि त्या आकड्यांच्या आधारे कोणाला किती मदत द्यावी व कोणाकडून किती कर घ्यावा, याचे गणित मांडता येते. हे गणित दिल्ली-मुंबईच्या विद्वानांचे आहे, आपल्याला त्याचे काय, असे आपण म्हणाल. पण त्या गणितातले आकडे आपल्याच ओसरीवर बसून लिहिले जातात. म्हणून ते समजून घेतलेले बरे.

पाहणी कशी होते?

आपल्या देशात १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. तिच्या ७७ व्या फेरीत शेतकरी कुटुंबांची परिस्थिती तपासली गेली. जुलै २०१८ ते जून २०१९ हे शेतीचे वर्ष त्यासाठी धरले होते. देशभरातील ५८ हजारांवर ग्रामीण घरे निवडली, त्यांत शेतकरी कुटुंबे ४५ हजारांच्या घरात होती. देशात शेतकरी कुटुंबे आहेत अंदाजे ९ कोटी ३० लाख. म्हणजे नमुन्यातील एक घर सुमारे दोन हजार घरांच्या वतीने बोलत होते. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच.

पाहणीवाले प्रत्येक घरी दोनदा गेले. खरिपाचा खर्च आणि रब्बीची विक्री एकाच बैठकीत आठवून सांगणे कठीण, म्हणून ही दोन खेपांची पद्धत. ज्या घरात वर्षभरात चार हजार रुपयांहून अधिक किमतीचे शेतीउत्पन्न निघाले आणि घरातले निदान एक माणूस स्वतःची शेती किंवा शेतीचा जोडधंदा करत होते, ते शेतकरी कुटुंब मानले. जमीन नावावर असलीच पाहिजे, अशी अट नव्हती. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे.

देशातल्या शेतकरी कुटुंबाची सरासरी मासिक मिळकत त्या पाहणीत १०,२१८ रुपये निघाली. तिची फोड अशी: मजुरी व पगार ४,०६३ रुपये, पिकांपासून ३,७९८ रुपये, जनावरांपासून १,५८२ रुपये, शेतीबाहेरच्या धंद्यातून ६४१ रुपये आणि जमीन खंडाने दिल्याचे १३४ रुपये. महाराष्ट्राची सरासरी ११,४९२ रुपये होती. घरचे बियाणे, घरचे शेणखत अशा पदरचा पैसा न मोजता वापरलेल्या वस्तूंची किंमतही खर्चात धरली, तर देशाचा आकडा ८,३३७ रुपयांवर उतरतो.

या फोडीकडे जरा निरखून पाहा. २०१२-१३ च्या पाहणीत महिन्याच्या ६,४२६ रुपयांपैकी पिकांचे ३,०८१ आणि मजुरीचे २,०७१ होते. सहा वर्षांत मजुरीने पिकाला मागे टाकले. ज्याला आपण शेतकरी म्हणतो त्याच्या चुलीतले मोठे लाकूड आता मजुरीचे आहे. तेव्हा फक्त जमिनीकडे पाहून घराची ऐपत ठरवू गेले तर अंदाज चुकणार. आता प्रत्यक्ष गणिताकडे वळू.

आधी गुंठ्यावर, मग एकरावर

नवे वाण आले की आपण सगळे रान त्याने पेरत नाही. आधी चार गुंठ्यांवर लावतो, उगवण पाहतो, रोग किती येतो ते पाहतो, मग पुढच्या साली एकरावर जातो. सरकारी नियमाचेही असे प्रात्यक्षिक करता येते. पाहणीतील घरे संगणकात असतात. घरात माणसे किती, मिळकत किती, जमीन किती हे ठाऊक असते. त्यांच्यावर नवा नियम कागदोपत्री लावून पाहायचा. कोणत्या घराला किती मिळाले, कोणाचे किती गेले, तिजोरीला काय भार पडला, हे कायदा होण्याआधीच समजते. अमेरिकेत गाय ऑर्कट या अर्थशास्त्रज्ञाने १९५७ साली ही कल्पना मांडली. युरोपीय संघातील देशांसाठी 'युरोमॉड' नावाचे असे प्रतिमान तयार झालेले आहे.

संगणक नसला तरी हे गणित पाटीवर होते. आपण पाच घरांची एक कल्पित वाडी घेऊ. आकडे वर्षाचे आहेत.

पहिले घर: आठ एकर बागायत, माणसे ४, मिळकत ४ लाख रुपये.
दुसरे घर: तीन एकर कोरडवाहू, माणसे ५, मिळकत १ लाख २० हजार, त्यातली निम्मी मजुरीची.
तिसरे घर: दोन भाऊ, त्यांच्या बायका, म्हातारे आईवडील आणि दोन मुले, एक चूल, माणसे ८. भावाभावांच्या नावे वेगवेगळे सातबारा, एकूण पाच एकर. मिळकत १ लाख ८० हजार.
चौथे घर: स्वतःची जमीन नाही, दुसऱ्याचे रान बटाईने करतात, माणसे ४, मिळकत ९० हजार.
पाचवे घर: विधवा बाई आणि तिची दोन मुले. एक एकर आहे, पण सातबाऱ्यावर अजून वारलेल्या सासऱ्याचेच नाव. शेळ्या आणि मजुरी. मिळकत ७० हजार.

आता पहिला नियम लावू: ज्याच्या नावावर जमीन, त्या कुटुंबाला सहा हजार. पंतप्रधान किसान सन्मान निधीचा नियम साधारण असाच आहे. पती, पत्नी आणि अज्ञान मुले मिळून त्यात एक कुटुंब धरतात. आयकर भरणारे आणि इतर काही गट वगळलेले आहेत. आपल्या वाडीत पहिल्या घराला ६ हजार, दुसऱ्याला ६ हजार, तिसऱ्या घरात दोन भावांची दोन कुटुंबे म्हणून १२ हजार. चौथ्या आणि पाचव्या घराला काही नाही. एकूण खर्च २४ हजार.

दुसरा नियम: तेच २४ हजार, पण वर्षाची मिळकत दीड लाखाच्या आत असलेल्या घरांना समान वाटून. मग दुसरे, चौथे आणि पाचवे घर प्रत्येकी ८ हजार घेऊन जाते. पहिल्याला आणि तिसऱ्याला काही नाही.

तिसरा नियम: तेच २४ हजार, पण माणशी सारखे. वाडीत माणसे २४, म्हणून डोईला एक हजार. पहिल्याला ४, दुसऱ्याला ५, तिसऱ्याला ८, चौथ्याला ४ आणि पाचव्याला ३ हजार.

पैसा तोच, वाडी तीच. नियम बदलला की कोणाच्या ताटात काय पडते ते बदलते. पहिल्या नियमात बटाईदार आणि विधवा सुटतात. त्यांच्या वाट्याला न येण्याचे कारण गरज कमी हे नाही, सातबाऱ्यावर नाव नाही हे आहे. दुसरा नियम न्यायाचा वाटतो, पण तिसऱ्या घराकडे बघा. १ लाख ८० हजार मिळकत म्हणून ते वगळले गेले. पण खाणारी तोंडे आठ. डोईला २२,५०० रुपये पडतात. चौथ्या घराचेही डोईला तेवढेच, २२,५००. एकाला मदत आणि दुसऱ्याला नकार! त्यातून दीड लाखाच्या रेषेवरची गंमत अशी की १ लाख ४९ हजारवाला पात्र आणि १ लाख ५१ हजारवाला अपात्र. दोन हजार जास्त कमावल्याबद्दल आठ हजार गमवायचे. मग माणूस खरे का सांगेल? तिसऱ्या नियमात लपवालपवी करण्याचे कारण उरत नाही आणि कोणी सुटतही नाही, पण चार लाखवाल्यालाही चार हजार जातात.

कोणता नियम चांगला, हे आपण पारावर बसून ठरवा. मी एवढेच म्हणेन की कोण सुटणार हे आधी समजले पाहिजे. नियम झाल्यावर सुटलेल्याने तहसिलीत खेटे घालण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

नियमातला एक शब्द किती फिरवतो याचे खरे उदाहरण याच योजनेचे आहे. फेब्रुवारी २०१९ च्या अर्थसंकल्पात ती दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांसाठी जाहीर झाली. सुमारे १२ कोटी कुटुंबे आणि वर्षाला ७५ हजार कोटी रुपये असा अंदाज होता. मे २०१९ च्या अखेरीस दोन हेक्टरांची अट काढली, तेव्हा अंदाज १४.५ कोटी लाभार्थी आणि ८७ हजार कोटींवर गेला. वर्षाचे सहा हजार म्हणजे महिन्याला पाचशे. १०,२१८ रुपयांच्या सरासरी मिळकतीत ते शंभरी पाच रुपयांच्या आसपास बसतात. महाराष्ट्राने २०२३ साली नमो शेतकरी महासन्मान निधीतून आणखी सहा हजार देण्याचे ठरवले. दोन्ही योजनांचा पाया जमिनीची नोंद हाच. पाहणी मात्र बटाईदारालाही शेतकरी म्हणते, हे आपण वर पाहिले. पाहणीतला शेतकरी आणि योजनेतला शेतकरी यांत जे अंतर पडते, ते मोजायला असे गणित उपयोगी पडते.

आणि पैसा येतो कोठून?

मदतीचा विचार करताना कराची बाजू झाकून ठेवून चालत नाही. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही. पण म्हणून शेतकरी कर भरत नाही असे कोणी म्हणाले तर ते खरे नव्हे. दुकानातून आणलेल्या साबणात, कपड्यात, अवजारात वस्तू व सेवा कर असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा हा कर १२ टक्क्यांवरून ५ वर आला आणि अंगाच्या साबणाच्या वडीवरचा १८ वरून ५ वर आला. पहिली सवलत थेट पोचते ट्रॅक्टर घेणाऱ्याला. दुसरी पोचते आपल्या वाडीतल्या पाचव्या घरालाही. कोणती सवलत किती घरांपर्यंत गेली हे काढायचे तर मिळकतीबरोबर घरखर्चाचेही आकडे लागतात.

कर आणि मदत यांची सांगड महाराष्ट्राने फार पूर्वी घातली आहे. पुण्याचे वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली 'भारतातील दारिद्र्य' हा अभ्यास प्रसिद्ध केला. नमुना पाहणीचे खर्चाचे आकडे घेऊन दारिद्र्य किती, ते हटवायला पैसा किती लागेल आणि तो कोणाकडून घ्यावा, याचा हिशेब त्यांनी मांडला. त्याच सुमारास १९७२ चा दुष्काळ पडला. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसला. पगारदार, व्यापारी आणि व्यावसायिक यांच्याकडून तो घ्यायचा आणि तेवढीच भर राज्याने घालायची, अशी ती रचना. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

त्या योजनेत एक शहाणपण होते. कामावर येणाऱ्याला तुझी मिळकत किती, असे कोणी विचारत नव्हते. उन्हात खडी फोडायला जो तयार, त्याची गरज खरी मानली. मिळकत मोजण्याची कटकटच टाळली. पण जी म्हातारी खडी फोडू शकत नाही, जो अंथरुणाला खिळलेला आहे, त्याच्यासाठी तो मार्ग नव्हे. तेथे पुन्हा मिळकत जाणून घ्यावीच लागते.

आकड्यांना मर्यादा असतात

नमुना पाहणी ही देववाणी नव्हे. पहिली गोष्ट, एका वर्षाची मिळकत म्हणजे घराची कायमची ऐपत नव्हे. वरची पाहणी ज्या वर्षाची, त्याच वर्षी ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी महाराष्ट्राने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. त्या सालचे आकडे घेऊन मराठवाड्यातल्या घराची दहा वर्षांची ऐपत ठरवता येणार नाही.

दुसरी गोष्ट, सरासरी फसवते. आपल्या पाच घरांची सरासरी काढा: १ लाख ७२ हजार. पाचपैकी तीन घरांना तो आकडा स्वप्नातही दिसत नाही.

तिसरी गोष्ट, कागदावर पात्र असलेला प्रत्येक जण हप्ता घेतोच असे नाही. आधार जोडलेले नाही, बँकेत नाव वेगळे, वारस नोंद राहिलेली. म्हणून गणितात 'मिळायला हवे' आणि 'मिळाले' हे दोन रकाने वेगळे ठेवावे लागतात.

चौथी आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे लोक मिळकत सांगत नाहीत. १९५० आणि १९६० च्या दशकांत नमुना पाहणीने घरोघरची मिळकत विचारून पाहिली होती. खर्च आणि शिल्लक यांच्या बेरजेपेक्षा मिळकतच कमी भरू लागली, तेव्हा तो प्रयत्न पुढे गेला नाही. जून २०२५ मध्ये केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाने २०२६ साली घरगुती उत्पन्नाची देशव्यापी पाहणी घेण्याचे जाहीर केले. आपल्या गावाची निवड अशा एखाद्या पाहणीत झाली तर काय करावे, ते आता सांगतो.

पाहणीवाला दारी आला तर

पुष्कळांना वाटते, मिळकत कमी सांगितली तर रेशनकार्ड टिकेल आणि जास्त सांगितली तर कर लागेल. ही भीती निराधार आहे. पाहणीतील माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन कायद्याने घातलेले आहे. त्या वहीवरून कोणाचे नाव योजनेत घालत नाहीत की काढत नाहीत. ती वही साऱ्यांचे गणित करण्यासाठी असते.

उलट सगळ्यांनीच कमी सांगितले तर काय होते? आठ एकर बागायतवाला आणि शेळ्या राखणारी बाई कागदावर एकाच रांगेत येतात. मग खरी गरज कोठे आहे ते गणिताला दिसत नाही. आणि एक घर दोन हजार घरांच्या वतीने बोलते, हे विसरू नका. तुम्ही वगळलेली गोष्ट तुमच्यासारख्या दोन हजार घरांतून वगळली जाते.

म्हणून या गोष्टी पाळा.

१. आलेल्या माणसाचे ओळखपत्र पाहा. ग्रामपंचायतीत किंवा तलाठ्याकडे चौकशी करा. मोबाईलवरचा ओटीपी, बँकेचा पिन किंवा पैसे मागणारा पाहणीवाला नव्हे, तो भामटा समजा.

२. उत्तरे एकट्या कर्त्याने देऊ नयेत. घरातील बाईमाणसाला जवळ बसवा. कोंबड्या, शेळ्या, दूध, शिवणकाम, बचत गटातला धंदा यांचा खरा हिशेब तिलाच ठाऊक असतो. महिन्याच्या सरासरीत जनावरांचे दीड हजारांवर रुपये आहेत, ते पुष्कळ घरी तिच्याच हातचे.

३. घरी खाल्लेली ज्वारी, घरी प्यालेले दूध हीही मिळकत आहे. विकले नाही म्हणून सोडू नका.

४. खर्चही पूर्ण सांगा. बियाणे, खत, फवारणी, मळणी, वाहतूक, हमाली, तोलाई, पाणीपट्टी, मजुरी. खर्च विसरला तर मिळकत फुगते.

५. बटाईने रान करत असाल तर तसे स्पष्ट सांगा. योजनेत नाव नसेल, पाहणीत तरी ते येऊ द्या. बटाईदार किती आहेत हे आकड्यांत दिसल्याखेरीज त्यांच्यासाठी नियम होणार नाही.

६. वारस नोंद राहिली असेल तर ती करून घ्या. याला पाहणीची वाट पाहू नका. पाचव्या घरातल्या बाईचे सहा हजार सासऱ्याच्या नावापाशी अडले आहेत.

हे सगळे ऐनवेळी आठवत नाही. त्यासाठी शंभर पानी वही घ्या आणि तिचे पाच भाग करा: पीक, जनावरे, मजुरी व पगार, इतर धंदा, आणि सरकारकडून आलेले पैसे. प्रत्येक भागात डावीकडे आलेले आणि उजवीकडे गेलेले लिहा. आठवड्याच्या बाजाराच्या रात्री दिवाबत्ती झाल्यावर दहा मिनिटे पुरतात. शाळेत जाणारी मुलगी हे काम आनंदाने करील आणि तिचे गणितही सुधारेल.

वर्षअखेर बेरीज करा, घरातल्या माणसांनी भागा आणि डोईला काय पडले ते पाहा. मग ग्रामसभेत एखादी योजना वाचून दाखवतील तेव्हा हा नियम आपल्या वाडीतल्या कोणत्या घरांना धरतो आणि कोणती सोडतो, हे हिशेबाने विचारा. पाहणीवाला तुमच्याकडे येईल किंवा येणार नाही. वही मात्र आजपासून सुरू करा.